सिमसिटी ४ : शहर बघू नका, ग्राफ बघा

जुलैत गोव्यात, आमच्या फोंड्यात, बाहेर पडायची सोय नसते, गेटपर्यंत जाईस्तोवर चप्पल चिखलात, म्हणून कधीतरी सेलमध्ये घेऊन ठेवलेली सिमसिटी ४ ची डिलक्स एडिशन शेवटी इन्स्टॉल केली. मॅक्सिस कंपनीची २००३ ची शहर वसवायची कॉम्प्युटर गेम, रश अवर हे एक्सपान्शन, म्हणजे नंतर आलेला जोडभाग, यातच येतं. शहराचं नाव ठेवलं नवें फोंडें. भाचा मागून डोकावला आणि म्हणाला, "मामा हें कितें, एक्सेल?" कारण मी शहर बघतच नव्हतो, ग्राफ उघडून बसलो होतो.

तर रिव्ह्यू ग्राफचाच. सगळ्यात भारी म्हणजे वयानुसार शिक्षणाचा. आडवं वय, उभी शिक्षणाची पातळी, हिला गेममध्ये ईक्यू म्हणतात. शाळा बांधली की अख्खी रेघ वर जाईल असं वाटतं पण तसं होत नाही, नुसतं डावीकडे पोरांच्या वयाला एक टेंगूळ येतं आणि मोठी माणसं होती तिथेच. मी वैतागून अजून दोन शाळा बांधल्या, पैसे पाण्यात. मग लक्षात आलं की ते टेंगूळ वर्षं जातील तसं उजवीकडे सरकतंय, पोरं मोठी होतायत ना! म्हणजे शाळेचं फळ मिळायला ती पोरं कामाला लागेपर्यंत कळ काढायची. मोठ्यांचं शिक्षण वयाबरोबर घसरत जातं, ते धरून ठेवायला लायब्ररी आणि म्युझियम.

आता माझा पराक्रम ऐका. तिजोरीत खडखडाट झाला म्हणून बजेटमधला शिक्षणाचा स्लायडर सरसकट खाली ओढला. शिक्षक संपावर गेले. पैसे आल्यावर परत वर केला, विषय संपला म्हटलं. पंचवीसेक वर्षांनी (गेममधली, आमच्याकडची एक संध्याकाळ, त्यात दोनदा लाईट गेली) ग्राफ बघतो तर तिशीच्या आसपास मस्त खड्डा पडलेला. आधी बग वाटला. मग बोटांवर हिशोब केला तर ती माझी संपातली पोरं! आणि आईबापांच्या शिक्षणातला थोडा वाटा पोरांना जन्मतः मिळतो, त्यामुळे त्यांची पोरंही जरा खालूनच सुरू. खरं तर पैसे वाचवायचेच असतील तर एकेका शाळेवर क्लिक करून जेवढी पोरं तेवढंच फंडिंग ठेवायचं, हे मला नंतर कळलं, अर्थात.

डिमांडच्या पट्ट्या, म्हणजे शहरात कशाला किती मागणी आहे ते दाखवणाऱ्या, सगळेच बघतात पण त्यातही मेख आहे, इंडस्ट्री एक नाही, शेती, धुराचे कारखाने, मॅन्युफॅक्चरिंग आणि हायटेक असे चार प्रकार. शिक्षण वाढलं की धूरवाल्यांची मागणी उतरते आणि हायटेकची चढते. नुसता धूरवाल्यांचा आकडा पडताना बघून घाबरायचं नाही. आपल्याकडे २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा खनिज वाहणाऱ्या ट्रकवाल्यांचा असा ग्राफ कोणी काढला असता तर नुसता कडाच दिसला असता, आणि दुसरी पट्टी चढायला कोण किती दिवस थांबणार? असो.

रश अवरमधलं रूट क्वेरी, म्हणजे कोण कुठल्या रस्त्याने जातं ते दाखवणारं टूल, मात्र सोन्यासारखं आहे. कामावर जायला लागणाऱ्या वेळेचा ग्राफ चढायला लागला की पुलावर क्लिक करा, सकाळी कोण कुठून येतं आणि संध्याकाळी कुठे जातं सगळं दिसतं. माझा निम्मा गाव एकाच पुलावरून नदीपलीकडे कामाला, घरं ओस पडायला लागलेली. मांडवीवर तिसरा पूल, अटल सेतू, २०१९ मध्ये आला, तेव्हा पर्वरीहून रोज पणजीला जाणाऱ्याला हे समजावायला नको.

तक्रारी आहेत. ग्राफ एका वेळी एकच, म्हणजे प्रदूषण आणि आयुर्मान शेजारी ठेवून बघायचं तर कागद-पेन घेऊन बसा. अक्षरं आजच्या स्क्रीनवर मुंगीएवढी. आणि मल्टीकोअर मशीनवर, म्हणजे प्रोसेसरमध्ये एकाहून जास्त कोअर असतील तर, ही गेम क्रॅश होण्यासाठी प्रसिद्ध आहे, एकाच कोअरवर चालेल अशी सेटिंग आधीच करून घ्या आणि सेव्ह करत राहा.

पाचपैकी चार. भाच्यानेही आता स्वतःचं शहर काढलंय, माझा खड्डा बघून सगळा पैसा शाळांत घातलाय. वीज केंद्र बांधायचं राहिलंय, मी अजून सांगितलेलं नाही.