वर्धा रोडवरची नर्सरी, अडेनियम घ्यायचं असेल तर नक्की जा
अडेनियम, म्हणजे फुगलेल्या बुडाचं (खोडाचा तळचा भाग) ते फुलांचं कुंडीतलं झाड, आता नागपुरात कुठेही मिळतं, हातगाडीवाल्यांकडेही असतं, पण मी वर्धा रोडवरची ही नर्सरी सुचवते कारण इथले काका फुलावर रोप विकत नाहीत. "नुसतं फूल काय पाहून राहिल्या ताई, बुड दाबून पाहा आधी," म्हणाले आणि दोन कुंड्या पुढ्यात ठेवल्या. एकीचं फुगलेलं बुड टणक होतं, दुसरीचं जरा मऊ आणि सुरकुतलेलं, ते म्हणे तहानलेलं, पाणी दिलं की भरून येतं, पण दाबल्यावर पचपचीत लागलं तर आतून सडलंय समजायचं आणि वर कितीही गुलाबी फुलं असली तरी घ्यायचं नाही.

हे झाड मुळात येमेन, ओमान, सोकोत्रा बेट, पूर्व आफ्रिका इकडच्या कोरड्या खडकाळ भागातलं, समुद्र जवळ असला तरी पावसाचा भरवसा नाही म्हणून पाणी बुडातच साठवून ठेवतं. त्यामुळे आपला नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, त्याला काहीच वाटत नाही, पारा 45 च्या वर जातो, बाकी कुंड्या माना टाकतात आणि हे गच्चीवर भर उन्हात फुललेलं असतं, इतकं छान वाटतं ना बघून! त्याला मारतो तो आपला पावसाळा आणि आपली काळी कन्हार माती, पाणी सोडतच नाही ती. काकांनी माझ्यासमोर रेती, विटांचा चुरा, थोडा कोळसा आणि अगदी मूठभर गांडूळखत असं मिसळून दिलं, पाणी ओतलं तर लगेच खालच्या भोकातून बाहेर. पावसाळ्यात कुंडी छपराखाली घ्या, आणि डिसेंबरच्या थंडीत पानं गळली तर घाबरून पाणी घालत बसू नका, झाड झोपलेलं असतं.

कलमाची रोपंही आहेत, दुहेरी-तिहेरी पाकळ्यांची, महाग आहेत, आणि सांध्याच्या खालून फुटवा आला की लगेच खुडावा लागतो नाहीतर वरचं कलम मागे पडतं. मला विचाराल तर बियांपासून केलेलं साधं पाच पाकळ्यांचंच घ्या, बुड सुंदर गोल होतं, फांदी लावून केलेल्याला तसं सहसा येत नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. हे कण्हेरीच्या कुळातलं झाड, चीक विषारी, आफ्रिकेत शिकारीच्या बाणांना लावायचे तो, आणि हे मला कोणी सांगितलं नाही, कुंडीवर साधी चिठ्ठीपण नाही. ज्यांच्या घरात लहान मुलं किंवा कुत्रा-मांजर असेल त्यांना हे विकतानाच सांगायला हवं, प्लीज एवढं करा. छाटताना हातमोजे घाला, हात डोळ्यांना लावू नका.

रविवारी खूप गर्दी असते आणि काकांना बोलायला वेळ नसतो, त्यामुळे मधल्या वारी सकाळी जा, यूपीआय चालतं, गाडी आतपर्यंत नेता येते.