सव्वा लाख पळालेली डिझेल ऑटोमॅटिक क्रेटा : सोलापुरात वर्षभर वापरल्यावर

जुनी गाडी, त्यात डिझेल, त्यात ऑटोमॅटिक आणि मीटरवर सव्वा लाखाच्या वरचा आकडा. घेतली तेव्हा घरच्यांपासून नव्या पेठेतल्या दुकानदार मित्रांपर्यंत सगळ्यांचं एकच म्हणणं होतं, "गिअरबॉक्स गेला की लाखभराला बसेल बघ." वर्ष होत आलं. गिअरबॉक्स शाबूत आहे. पैसे मात्र लागले. ते कुठे लागले, कुठे वाचले, हे जरा सविस्तर लिहितो, कारण सोलापुरात अशी गाडी शोधताना मला नेमकं हेच सांगणारं कोणी भेटलं नव्हतं.

आधी गाडी. २०१७ ची ह्युंदाई क्रेटा, १.६ लिटर डिझेल, ६ गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. १५८२ सीसी, १२८ पीएस, टॉर्क २६० एनएमच्या आसपास. ही २०१५ साली आलेली पहिली पिढी. २०२० मध्ये नवी क्रेटा आली तेव्हा हे १.६ जाऊन १.५ लिटरचं डिझेल आलं. इंजिनाला टायमिंग चेन आहे, त्यामुळे लाखभर किलोमीटरला बेल्ट बदलायचा खर्च नाही. पहिला मालक चिंचवडचा, नोकरीनिमित्त सतत नाशिक-पुणे करणारा. व्यवहार साडेसात लाखांच्या आत झाला. नवीन डिझेल ऑटोमॅटिक क्रेटा ऑन-रोड वीस लाखांच्या पुढेमागे जाते, तेव्हा तो विषय आमच्याकडे चहाच्या पहिल्या कपातच संपला होता.

ऑटोमॅटिकच का, तर डावा गुडघा. टॉवेल-चादरीच्या धंद्यामुळे पुणे आणि हैदराबाद या फेऱ्या सुटत नाहीत आणि डॉक्टरांनी क्लच दाबणं कमी करा म्हणून बजावलेलं. एएमटी चालवून पाहिली. ती स्वस्त असते, पण मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच, क्लच दाबायचं काम मोटर करते इतकंच. ओव्हरटेक करताना मध्येच दम घेते, ते मला जमेना. ड्राय क्लचची ड्युअल क्लच गाडीही पाहिली, म्हणजे तेलात न बुडवलेले दोन क्लच आळीपाळीने गिअर बदलतात ती. हायवेला सुंदर. पण हे क्लच रखडत्या ट्रॅफिकमध्ये तापतात, आणि आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यात पारा ४२-४३ ला सहज जातो. शिवाय बिघडली तर ती उघडणारा माणूस सोलापुरात शोधावा लागणार. टॉर्क कन्व्हर्टर जुना प्रकार, थोडा सुस्त, पण दोन पात्यांच्या मधल्या तेलातून ताकद पुढे जाते. पायाने दाबायचा क्लच नाही, त्यामुळे क्लच प्लेट घासून जाण्याचा प्रश्न नाही. जास्त पळालेल्या गाडीत हा फरक मोठा आहे. याच वयाच्या मॅन्युअल डिझेलला क्लच किट आणि ड्युअल मास फ्लायव्हील (क्लचला लागून असलेलं जड चाक) एकदम निघालं तर काय होतं, हे ज्यांनी भरलंय त्यांना विचारा.

शोधाशोधीत एक गोष्ट पक्की कळली. मीटरचा आकडा पाहून निर्णय घ्यायचा नाही. होटगी रोडला एकाकडे याच मॉडेलची गाडी होती, मीटर अठ्ठावन्न हजार, पॉलिश अशी की तोंड दिसावं. पण ब्रेक पेडलचं रबर एका बाजूने गुळगुळीत, ड्रायव्हर सीटची कड बसलेली, स्टीअरिंगचं लेदर चकाकणारं. नंबरवरून सर्व्हिस हिस्टरी काढली तर दोन वर्षांपूर्वीच चौऱ्याण्णव हजारांची नोंद. एजंट म्हणाला, "साहेब, लिहिताना चुकलं असंल." मी चहा पिऊन निघालो. चिंचवडच्या गाडीचा आकडा दुप्पट होता, पण प्रत्येक सर्व्हिसची नोंद ओळीने जुळत होती आणि किलोमीटर बहुतेक हायवेचे. हायवेला गिअरबॉक्स वरच्या गिअरमध्ये लॉक होऊन शांतपणे फिरत राहतो, तेलाचं तापमान स्थिर राहतं. शहरातले साठ हजार किलोमीटर त्याला यापेक्षा जास्त झिजवतात. हे मी घेण्याआधी ऐकलं होतं, आता पटलंय.

बघायला जाताना मालकाला आधीच सांगितलं होतं की सकाळी इंजिन सुरू करू नका, मी येऊन करणार. थंड गाडीत खोटं चालत नाही. सुरू झाल्यावर धूर, चालू इंजिनवर ऑइलचं झाकण उघडून आतून किती वाफ येते ते, टर्बोची शिट्टी. मग ब्रेक दाबून पी (पार्क) वरून आर (रिव्हर्स), आर वरून डी (ड्राइव्ह), प्रत्येक वेळी गिअर पकडायला किती वेळ लागतो ते. चढावर रिव्हर्स. साठ-सत्तरच्या वेगात हलकासा पाय ठेवून थरथर येते का ते. या गाडीत दोन गोष्टी खटकल्या. आर टाकला की 'ठक' आवाज, आणि थंड असताना दुसऱ्यावरून तिसऱ्याला जाताना छोटा झटका. सर्व्हिसच्या नोंदींत इंजिन ऑइल होतं, फिल्टर होते, ब्रेक पॅड होते. गिअरबॉक्सचं ऑइल एकदाही नव्हतं. याच मुद्द्यावर चाळीस हजार कमी करून घेतले.

कागदपत्रांचं थोडक्यात. नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०, पिंपरी-चिंचवड आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, आणि गाडीवर कर्ज होतं म्हणून बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. गाडी महाराष्ट्रातलीच, त्यामुळे एमएच १४ नंबर कायम राहिला. विमा चौदा दिवसांत स्वतःच्या नावावर करून घ्यायचा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस त्याचा त्याच्याकडे राहतो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे प्रीमियमचा आकडा पाहून दचकू नका. ई-चलन आधी तपासा, नंबरवरचा दंड गाडीबरोबर येतो. जुन्या मालकाचा फास्टॅग बंद झाल्याशिवाय नवा लागत नाही. दिल्लीकडची स्वस्त डिझेल गाडी दाखवणारे एजंट आपल्याकडेही आहेत. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेलवर एनजीटी (राष्ट्रीय हरित लवाद) आणि मग २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने बंदी आली होती, म्हणून त्या स्वस्त झाल्या. पण इथे आणून रोड टॅक्स भरला की स्वस्ताई बरीच आटते.

आता गिअरबॉक्स. पुण्याहून गाडी आणण्याआधी तिथल्याच एका वर्कशॉपमध्ये दाखवली. त्यांनी पाच मिनिटं चालवली आणि व्हॉल्व्ह बॉडी (गिअर बदलायला तेलाचा दाब वळवणारा भाग) बदलावी लागेल म्हणून सत्तर हजारांचं कोटेशन हातात दिलं. ऑइल काढून बघितलं का, विचारलं, तर नाही. गाडी तशीच सोलापूरला आणली आणि अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला आमचे जुने मिस्त्री आहेत, सगळे मामू म्हणतात, त्यांच्याकडे लावली. मामूंनी आधी बॉनेट उघडून मला ब्रेक दाबून डी आणि आर टाकायला लावलं आणि इंजिनाकडे बोट दाखवलं. इंजिन जागेवरून चांगलं हलत होतं. "निम्मा आवाज माउंटिंगचा हाय. रबर बसलंय. गिअरबॉक्सला उगं शिव्या घालू नका."

माउंट, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सला धरून ठेवणारी रबरं, बदलले आणि 'ठक' जवळजवळ गेला. सव्वा लाख किलोमीटरला रबर बसणं हा वयाचा भाग आहे, त्यात नवल नाही. नवल एवढंच की माउंट खराब असले की चांगला गिअरबॉक्ससुद्धा खराब वाटतो, आणि घाबरलेला माणूस त्यावर सत्तर हजार घालून येतो.

मग ऑइल. या गिअरबॉक्सला एसपी-४ दर्जाचंच ऑइल लागतं, दुसरं कुठलंही 'ऑटोमॅटिकचं ऑइल' चालत नाही. नवं असताना लालसर असतं. आमचं काळपट तपकिरी निघालं, जळका वास मात्र नव्हता. बोल्ट उघडला की सगळं ऑइल बाहेर येत नाही. निम्मंच येतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांमध्ये अडकून राहतं. मी विचारलं, मशीन लावून सगळं एकदम फ्लश करायचं का? मामू म्हणाले, "इतक्या वर्षांचा गाळ एकदम हलवला तर तोच जाऊन व्हॉल्व्ह बॉडीत बसंल. अर्धं काढू, फिरवा, परत अर्धं काढू." निम्मं निम्मं करत दोनदा काढलं की पंचाहत्तर टक्के नवं होतं, तिसऱ्यांदा काढलं की सत्त्याऐंशीच्या वर. आम्ही दोनदा केलं, मध्ये पुण्याची एक फेरी ठेवून. लेव्हल बघायला डिपस्टिक नाही. इंजिन चालू ठेवून, स्कॅनरवर ऑइलचं तापमान ५० ते ६० अंशांत असताना लेव्हलचा बोल्ट उघडायचा आणि बारीक धार येईपर्यंत थांबायचं. ज्या गॅरेजमध्ये स्कॅनर न लावता अंदाजाने ऑइल भरतात तिथून गाडी बाहेर काढा. शेवटी अ‍ॅडॅप्टेशन रीसेट. म्हणजे गिअरबॉक्सचा संगणक गिअर टाकायला नव्याने शिकतो, म्हणून पहिले काही दिवस गिअर जरा चाचपडत पडले, मग बसले. दुसऱ्या-तिसऱ्याचा झटका आता फक्त थंडीत सकाळी, तोही माहीत असेल तरच जाणवणारा. माउंट, दोनदा ऑइल, मजुरी सगळं धरून वीस हजारांच्या आत.

बाकी खर्च जुन्या गाडीचा नेहमीचा: चार टायर, पुढचे लिंक रॉड आणि बुश, डिझेल फिल्टर, ईजीआर व्हॉल्व्हची (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारी झडप) साफसफाई, एसीचा गॅस. सगळं मिळून पहिल्या काही महिन्यांत सत्तर-ऐंशी हजार गेले. व्यवहार ठरवतानाच एवढी रक्कम बाजूला ठेवलेली होती म्हणून झोप उडाली नाही. अशी गाडी दोन हप्त्यांत विकत घ्यावी लागते, पहिला मालकाला, दुसरा मिस्त्रीला. दुसऱ्या हप्त्याची तयारी नसेल तर पहिला देऊ नये असं माझं मत.

चालवायला कशी? पुणे रस्त्याला मोहोळ सोडलं की डाव्या पायाला कामच नाही. शंभरच्या आत इंजिन दोन हजारांच्या खाली गुणगुणत असतं आणि ट्रक ओलांडताना पाय दाबला की एक-दोन गिअर खाली येऊन गाडी सरळ निघते. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस, प्रत्येक टोलनाक्यावरची रांग आता डोक्यात जात नाही. तुळजापूरचा घाट उतरताना लिव्हर मॅन्युअलकडे घेऊन खालचा गिअर ठेवतो म्हणजे ब्रेक तापत नाहीत. न्यूट्रलवर उतरवून डिझेल वाचवणारे लोक आहेत. ते करू नका, इंजिनचा ब्रेक जातो आणि वाचत काहीच नाही.

हायवेला सोळा-सतराच्या दरम्यान देते, तेही ९० च्या आसपास धरून. एसी बंद करायचा प्रश्न सोलापुरात येत नाही. गावात अकरा-बारा. जुळे सोलापूर ते नवी पेठ एवढंच रोजचं चालवणं असेल, तर ही गाडी घेऊ नका. डिझेल इंजिन धड तापायच्या आत बंद करायचं, ईजीआरमध्ये काजळी साठवायची आणि मग साफसफाईला पैसे द्यायचे, याला काही अर्थ नाही. २०२० नंतरच्या बीएस ६ डिझेलला तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असतो. काजळी जाळायला त्याला अधूनमधून सलग हायवे लागतो, तो मिळाला नाही की दिवा पेटतो. गावातल्या गावात फिरणाऱ्यांना पेट्रोल बरं.

एक किस्सा सांगतो. पंढरपूरला पार्किंगमध्ये बॅटरी बसली. बॅटरी जुनीच होती, बदलायच्या यादीत होती. आजूबाजूचे चार जण लगेच बाह्या सरसावून आले, "चला, धक्का मारू." ऑटोमॅटिकला धक्का स्टार्ट होत नाही हे त्यांना पटवण्यातच बराच वेळ गेला. एक आजोबा तर शेवटपर्यंत म्हणत होते, "सेकंडला टाका की ओ." शेवटी एका जीपवाल्याने केबल लावली. तेव्हापासून जंपर केबल डिकीत कायम. आणि रस्त्यात बंद पडली तर पुढची चाकं जमिनीवर ठेवून दोरीने ओढायची नाही, फ्लॅटबेडच बोलवायचा. इंजिन बंद म्हणजे गिअरबॉक्सचा पंप बंद, आत तेल फिरत नाही.

बायको आधी फक्त अ‍ॅक्टिव्हा चालवायची. ती आता ही गाडी सात रस्त्याच्या गर्दीत माझ्यापेक्षा शांतपणे चालवते. तिला मी फक्त एक सवय लावली: थांबल्यावर ब्रेक, मग न्यूट्रल, हँडब्रेक, पाय सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्यायची आणि मगच पी. नाहीतर उतारावर सगळा भार गिअरबॉक्समधल्या छोट्या खिटीवर येतो.

न आवडलेलं? कमी वेगात खड्ड्यांवर पुढचं सस्पेन्शन कडक वाटतं आणि आमच्या गावात खड्डे शोधावे लागत नाहीत. गिअर लवकर वर चढवायची या गिअरबॉक्सला घाई असते, त्यामुळे चौकातून वळून निघताना कधी कधी पाय जास्त द्यावा लागतो. बाकी तक्रार नाही.

उन्हाळा लागायच्या आत कूलंटच्या नळ्या बदलायच्या आहेत, रबर आहे, वय झालंय. गिअरबॉक्सचं ऑइल पुन्हा पावणेदोन लाख किलोमीटरच्या आसपास. मधूनमधून एजंटांचे फोन येतात, विकायची का म्हणून. मीटर किती झालं ते सगळे विचारतात. गिअरबॉक्सचं ऑइल कधी बदललं, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.