पूर्ण अपील की फक्त शिक्षेपुरतं?

सत्र न्यायालयात शिक्षा लागली की घरात वाद सुरू होतो: मुंबईला उच्च न्यायालयात जाऊन दोषी ठरवल्याविरुद्धच भांडायचं, की गुन्हा मान्य धरून नुसती शिक्षा कमी करून मागायची? माझ्या मावसभावाच्या जबरी चोरीच्या खटल्यात हे आम्हाला ठरवावं लागलं.

शिक्षेपुरतं अपील वाईट नाही. सुनावणी आटोपशीर, खर्च कमी. जबरी चोरीच्या कलम ३९२ ला (जुनी भारतीय दंड संहिता) किमान शिक्षा नाही. तरुण वय, पहिलाच गुन्हा असेल तर ‘भोगली तेवढी पुरे’ असा निकाल होऊ शकतो. गांजा १ किलोच्या वर पण २० किलोच्या आत असेल तरी तेच: वर १० वर्षांची मर्यादा, खाली काही नाही.

आमचं घोडं अडलं ३९७ वर, म्हणजे जबरी चोरीत घातक हत्यार वापरल्याच्या कलमावर. हत्यार वापरल्याचं सिद्ध धरलं की ७ वर्षांच्या खाली उच्च न्यायालयालाही उतरता येत नाही. (नव्या भारतीय न्याय संहितेत ते कलम ३११.) मग म्हाताऱ्या आईची परिस्थिती कितीही सांगा! आमचे वकील मात्र तेच लिहायला बसले होते. ओळख परेड उशिरा झाली, त्याआधीच साक्षीदाराने भावाला पोलीस ठाण्यात पाहिलं होतं, चाकू त्याच्याच हातात होता असं कुणी सांगितलं नव्हतं. मसुद्यात यातलं एक अक्षर नाही. नाशिकरोड कारागृहात मुलाखतीला गेलं की भाऊ एवढंच विचारायचा, “परेडचं लिहिलं का?” ते मला सहन होईना. ३९७ हत्यार वापरणाऱ्यालाच लागतं, आणि हा मुद्दा दोषसिद्धीला आव्हान दिलं तरच निघतो. ते कलम गळून ३९२ उरलं, तर शिक्षा कमी करायला वाव मिळतो.

नाशिकजवळच्या शिंदे गावचा एमडीचा (मेफेड्रोन या अमली पदार्थाचा) कारखाना २०२३ मध्ये सापडल्यापासून आपल्याकडे अमली पदार्थांच्या खटल्यांबद्दलही लोक विचारतात. एमडी ५० ग्रॅमच्या वर गेलं की व्यावसायिक प्रमाण. किमान १० वर्षं आणि १ लाख दंड. तिथे दयेच्या विनंतीला जागाच नाही. अंगझडतीआधी अमली पदार्थ कायद्याच्या कलम ५० चा हक्क (राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यांसमोर झडती मागण्याचा) सांगितला का, नमुने ५२-अ प्रमाणे दंडाधिकाऱ्यांसमोर घेतले का, यावरच लढावं लागतं.

पूर्ण अपिलात वेळ फार जातो, हे खरं. शिक्षा स्थगित होऊन जामीन मिळाला नाही तर ती वर्षं आतच जातात, आणि व्यावसायिक प्रमाणात त्याच कायद्याच्या कलम ३७ मुळे तो जामीन फार अवघड. किमान शिक्षेचं कलम नसेल आणि बरीचशी भोगून झाली असेल, तर शिक्षेपुरत्या अपिलाला माझी हरकत नाही. पण पूर्ण अपील दाखल असलं की ऐन सुनावणीतही दोषसिद्धीचा मुद्दा सोडून शिक्षेवर येता येतं. उलट फिरणं कठीण.

मुदत ६० दिवसांची. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यात धरत नाहीत. वकील परवडत नसेल तर कारागृहातूनही अपील पाठवता येतं, आणि आत असलेल्याला उत्पन्न न पाहता विधी सेवेचा वकील मिळतो. त्या अर्जातही ‘दोषसिद्धी आणि शिक्षा’ असं दोन्ही लिहायला सांगा.