विमानातले कपातले पोहे : आठ महिन्यांनंतरचा अनुभव

कामानिमित्त गेले आठ महिने मी दर पंधरवड्याला पुणे–दिल्ली असा सकाळचा प्रवास करतो आहे. स्वस्त तिकिटात खाणे धरलेले नसते आणि आधी नोंदवलेले खाणे विमानात घेतलेल्यापेक्षा कमी दरात पडते, हे सर्वांना ठाऊकच आहे. म्हणून मी एकाच पदार्थाविषयी लिहितो : गरम पाणी ओतून तयार होणारे कपातले पोहे.

पहिले तीन महिने हे पोहे मला कधीच नीट मिळाले नाहीत. कपावर पाच मिनिटे थांबण्याची सूचना असते. तेवढा वेळ थांबून झाकण काढले की वरचे पोहे फुगलेले असत, पण तळाशी चमच्याने दाबूनही न फुटणाऱ्या कोरड्या गुठळ्या राहत. दोनशे रुपये मोजून अर्धकच्चे पोहे खायचे, हे मला अजिबात पटेना. तिसऱ्या वेळी मी कर्मचाऱ्यांशी वाद घातला आणि कोमट पाणी दिल्याची लेखी तक्रारही केली. उत्तरात केवळ साचेबद्ध दिलगिरी आली.

ती तक्रार अन्यायाची होती, असे आता माझे मत आहे. उड्डाणात केबिनमधील हवेचा दाब साधारण ६,००० ते ८,००० फूट उंचीवरच्या दाबाइतका असतो आणि ८,००० फुटांवर पाणी सुमारे ९२ अंश सेल्सिअसलाच उकळते. त्यातून किटलीतून कपात येईपर्यंत ते आणखी निवते, त्यामुळे जमिनीवर पाच मिनिटांत होणारे काम तिथे होत नाही. हे मला परतीच्या विमानात नागपूरच्या एका कर्मचारी मुलीने समजावले. ती म्हणाली, “काका, झाकण उघडूच नका, दहा मिनिटं तसंच राहू द्या.” त्या दिवशी तळापर्यंत मऊ झालेले, लिंबाचा वास असलेले पोहे मी पहिल्यांदा खाल्ले आणि मनापासून तिचे आभार मानले.

एक कप मी न उघडता घरी आणला होता. स्वयंपाकघरात उकळत्या पाण्यात तो पाच मिनिटांत तयार झाला, पण इतका खारट लागला की संपवता आला नाही, आणि तेच पोहे विमानात मला बेताच्या मिठाचे वाटत. केबिनमधील कमी दाब आणि कोरडी हवा यांमुळे मीठ व साखर जिभेला कमी जाणवते. रक्तदाब असलेल्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे, कारण जिभेला कळले नाही तरी मीठ पोटात जातेच.

अडचण उरते ती वेळेची. मागच्या रांगांपर्यंत ट्रॉली येते तेव्हा दहा मिनिटे थांबण्याइतका अवधी नेहमीच असतो असे नाही. पुढच्या आसनासाठी जादा पैसे देणे मला मान्य नाही. त्याऐवजी मी आता पोहे आधीच नोंदवतो, कारण नोंदवलेले खाणे माझ्या अनुभवात विक्रीच्या आधी वाटले जाते. परतीला मात्र घरची थालीपिठे आणि कोरडी चटणी नेतो; देशांतर्गत प्रवासात सुरक्षा तपासणीला ती कधी अडवली गेली नाहीत.

विमान कंपनीला मी दुसरे पत्र पाठवले आहे. त्यात पहिली तक्रार मागे घेतली असून कपावर ‘विमानात दहा मिनिटे थांबावे’ एवढी एक ओळ छापण्याची विनंती केली आहे. उत्तर अजून आलेले नाही.