ऑनलाइन ब्रिज: मोफत टेबल की फीची स्पर्धा?

गणपतीत रात्रभर पत्ते कुटणाऱ्या आमच्या रत्नागिरीकडच्या मंडळींना ब्रिज जड जात नाही. प्रश्न पडतो तो ऑनलाइन खेळताना: पैसे भरायचे का?

ब्रिज बेस ऑनलाइन या ब्रिज खेळायच्या संकेतस्थळावर साध्या टेबलावर बसायला काही लागत नाही. बोली शिका, चुका, पुन्हा बसा. पण कुणीही मध्येच उठून जातं आणि डाव अर्धवट राहतो. गुणांनाही फारसं वजन नसतं.

फीच्या स्पर्धेत तेच पत्ते अनेक टेबलांवर वाटले जातात. मॅचपॉइंट पद्धतीत तुमचा निकाल इतर टेबलांशी ताडतात. 50 टक्के म्हणजे सरासरी. पत्ते वाईट आले ही सबब इथे चालत नाही, आणि मला फीचं खरं मोल इथेच वाटतं. फी बीबी डॉलरमध्ये, म्हणजे या संकेतस्थळाच्या स्वतःच्या चलनात जाते. एक बीबी डॉलर म्हणजे एक अमेरिकी डॉलर, तेव्हा रोज खेळलात तर खर्च जाणवतो. वर आलात तर गुण मिळतात. अमेरिकन ब्रिज संघटनेचे मास्टरपॉइंट, म्हणजे खेळाडूची श्रेणी ठरवणारे गुण, मात्र तिच्या सभासदांच्याच खात्यात जमा होतात. ते साठत जातात, हरलात म्हणून कमी होत नाहीत. म्हणून समोरच्याचा मोठा आकडा पाहून बिचकू नका. त्यात कौशल्याइतकीच खेळलेली वर्षंही असतात.

पावसाळ्यात वीज गेली की जोडीच्या स्पर्धेत भिडू अडकतो. त्या दिवसांत रोबोंसोबतची, म्हणजे संगणकी खेळाडूंसोबतची 'डेलाँग' स्पर्धा घ्या. ती दिवसभरात आपल्या सवडीने पुरी करता येते. नवख्यांनी आधी मोफत टेबलावर हात बसवावा, मगच फी भरावी.