उतारावरच्या घरात लाकडाची भट्टी: तयार आणावी की बांधून घ्यावी?

गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, फोंडा या भागात उतारावर बांधलेल्या घरांना मागच्या अंगाने एक खालचा मजला मिळतो. पूर्वी तिथे नारळ, सुपारी, भात ठेवत. आता बऱ्याच जणांना तिथे पाव, पोयी (कोंड्याचा गोवन पाव) किंवा पिझ्झ्यासाठी लाकडाची भट्टी हवी असते. पोदेराच्या (पाववाल्याच्या) फोर्नएवढी, म्हणजे त्याच्या मोठ्या भट्टीएवढी नव्हे, आतून ९० सेंटीमीटर व्यासाची. घराला किंवा लहान होमस्टेला ती पुरते. मग प्रश्न येतो की साच्यात ओतलेली तयार भट्टी टेम्पोतून आणायची, की फायर ब्रिक, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या विटा, आणून जागेवर बांधायची. दोन्ही प्रकार नीट चालतात. माझा कल विटांकडे आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना तेवढी सूट धरता येईल.

तयार भट्टीचे वजन पत्र्याच्या कवचासकट सहा-सातशे किलोच्या आसपास जाते. सगळे वजनालाच घाबरतात, पण घोडे अडते ते रुंदीवर. आतला व्यास ९० म्हणजे बाहेरचा १२० ते १३०, आणि जुन्या कोठीचे दार ८०-९० सेंटीमीटरचे. अशा वेळी हमाल भट्टी कडेवर उभी करून आत घ्यायला सांगतात. तसे करू देऊ नये. तोंडाची कमान हा ओतीव भट्टीचा सगळ्यात अशक्त भाग. भट्टी कलली की भार तिथे येतो आणि कमानीच्या माथ्यावरून निघालेली बारीक चीर घुमटात चढते. म्हणजे दाराची चौकट काढून बाजूचे चिरे (जांभ्या दगडाचे ठोकळे) उतरवणे आले. वरच्या लिंटलला दोन्ही बाजूंनी लोखंडी टेकू दिल्याशिवाय एकही चिरा हलवायचा नाही.

रस्त्यावरून खाली उतरवताना एकास सहापेक्षा तीव्र उतार नको. एकास सहालासुद्धा सातशे किलोची भट्टी साधारण एकशे पंधरा किलोच्या जोराने खाली ओढ घेते, आणि ओल्या चिऱ्यावर पाय सटकतात, त्यामुळे दोरीला चार माणसे लावून भागत नाही. लिव्हरवाली एक टनी पुली घ्यावी. हाताने साखळी ओढायची नेहमीची चेन पुली आडवी लावली की साखळी गुंतते. वर टेकायला माड असेल तर बुंध्याला गोणपाट गुंडाळून पट्टा अगदी जमिनीलगत बांधावा. उतारावर भट्टी फळ्यांवरून घसरवत न्यावी. पाइपचे रोलर सपाटीवर आल्यावरच घालावेत. परांचीचे ४८ मिलिमीटरचे पाच पाइप पुरतात. भट्टीच्या खालच्या बाजूला कोणीही उभे राहायचे नाही, सूचना द्यायलासुद्धा नाही. शेवटी ओट्याच्या उंचीपर्यंत चढवताना बॉटल जॅक आणि लाकडी ठोकळे वापरावेत. आलटून पालटून एकेका बाजूने पाच-पाच सेंटीमीटर उचलायचे आणि दर वेळी ठोकळा सरकवल्यावरच जॅक सोडायचा.

विटांचे वजन एकूणात तेवढेच भरते. फरशी, कमान आणि घुमट मिळून दीडशे ते पावणेदोनशे विटा लागतात, एकेक साडेतीन-चार किलोची. पण त्या कुठल्याही दारातून घमेल्याने आत जातात आणि एखादी तुटली तर तिचे दोन तुकडे घुमटातच लागतात.

ओटा दोन्हींना सारखाच. चिऱ्यांच्या भिंती, वर दहा सेंटीमीटरचा स्लॅब, आठ मिलिमीटरच्या सळ्या पंधरा-पंधरा सेंटीमीटरवर. त्याखाली जाड प्लास्टिकचा कागद विसरू नये, कारण खालच्या मजल्याची जमीन पावसाळाभर घाम सोडते. फरशीखाली उष्णता अडवणारा थर हवा: व्हर्मिक्युलाइट (उष्णता अडवणारे हलके खनिज) आणि सिमेंटचा दहा सेंटीमीटर, किंवा पोदेरांच्या जुन्या पद्धतीने मीठ, काचांचे तुकडे आणि वाळू. माडीच्या लाकडी तक्तपोशीवर यातली कुठलीच भट्टी ठेवू नये.

विटांच्या भट्टीत खरा धोका गवंड्याचा. चिऱ्याचे काम उत्तम करणारा माणूससुद्धा घुमटात बोटभर जाड सांधे आणि नुसते सिमेंट घालून मोकळा होतो. चारशे अंशांच्या पुढे नुसत्या सिमेंटचा जोर जातो आणि सांधे भुसभुशीत होऊन वाळू पावावर पडते. तीन भाग बारीक वाळू, एक भाग फायर क्ले (उष्णता सोसणारी माती), एक भाग चुना, एक भाग सिमेंट हे मिश्रण टिकते. सिमेंट सुरुवातीला धरून ठेवते, पुढे चुना आणि क्ले सांभाळतात. वाळू किनाऱ्यावरची नको, तिच्यात मीठ असते. विटा अर्ध्या करून लावायच्या, आतल्या बाजूने सांधा दोन-तीन मिलिमीटरचा. मध्यबिंदूला फिरती काठी बसवून प्रत्येक वीट तिच्या टोकाला टेकवली की घुमट गोल येतो. नजरेवर सोडला की चौथ्या थरापासून तिरका जातो. तोंडाची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या ६३ टक्क्यांच्या आसपास ठेवावी. घुमट ४५ सेंटीमीटर असेल तर तोंड २८. जास्त ठेवले तर उष्णता पळते, कमी ठेवले तर धूर खोलीत येतो. तयार भट्टीत हे सगळे कारखान्यानेच करून दिलेले असते, आणि हा तिचा मोठा गुण मान्य करायला हवा. चांगला गवंडी मिळत नसेल तर पुढचे न वाचता तयार भट्टीच घ्यावी.

भाजण्यात कोण सरस? ओतीव घुमट पाच-सहा सेंटीमीटर जाड, म्हणून तासाभरात काजळी जळून आतून पांढरा होतो. विटांचा घुमट त्याच्या दुप्पट जाड. त्याला दोन तास आणि जवळजवळ दुप्पट लाकूड लागते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी विटांच्या भट्टीत बिस्किटे किंवा नाचणीचा केक सहज होतो, ओतीव भट्टीत तोवर नुसती ऊब उरते. फरशीवर चिमूटभर पीठ टाकून बघायची पोदेरी रीत मला थर्मामीटरपेक्षा बरी वाटते. पीठ लगेच काळे पडले तर थांबावे. सावकाश तांबूस झाले तर पाव घालावेत. शनिवार-रविवारी पिझ्झे एवढाच बेत असेल तर ओतीव भट्टी सोयीची, हे कबूल.

मला मात्र एकाच गोष्टीने विटांकडे ढकलले, आणि ती विक्रेत्याच्या माहितीपत्रकात सापडत नाही. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. चिरा सच्छिद्र. उताराच्या बाजूची भिंत जुलैपासून ओली राहते आणि खालच्या मजल्यावरची हवा चवथीपर्यंत सुकत नाही. तयार भट्टीत घुमट आणि पत्रा यांच्यामध्ये सिरॅमिक ब्लँकेट (उष्णता अडवणारी तंतूंची गादी) भरून कवच बंद केलेले असते. दमट हवा चिमणीच्या सांध्यातून आणि तोंडाच्या कडेने आत शिरते. ब्लँकेट ओले झाले की ते उष्णता अडवत नाही, उलट बाहेर वाहून नेते. पावसाळ्यानंतर भट्टी पेटवली की बाहेरच्या पत्र्याला हात लागवत नाही आणि आत घुमट पांढराच होत नाही. कवचाला वाफ बाहेर जायला वाट नाही, म्हणून ती परत थंड होऊन तिथेच मुरते. तीन-चार वेळा पेटवूनही भट्टी पूर्वपदावर येत नाही. रिव्हेट काढून कवच उघडायचे म्हटले तर खालच्या मजल्यावर भिंतीला टेकलेल्या भट्टीची मागची बाजू हाताशी नसते. दरवर्षी हेच. तळावरची काँक्रीटची हवेशीर जागा असेल तर कदाचित हा त्रास जाणवणारही नाही. चिऱ्याच्या कोठीत जाणवतो.

विटांच्या भट्टीत घुमटाभोवती चिऱ्याची चौकोनी भिंत बांधून मधल्या पोकळीत सुटे व्हर्मिक्युलाइट किंवा भातगिरणीतली तुसाची राख भरतात, घुमटावर किमान दहा सेंटीमीटर. माथ्यावर शहाबादी फरशीचे सुटे झाकण आणि एका कोपऱ्यात अर्ध्या इंचाचा पाइप, वाफेला. ऑक्टोबरात झाकण उचलायचे, राख उन्हात पसरायची, परत भरायची. फरशीची एखादी वीट झिजली तर तेवढी काढून नवी बसते. ओतीव फरशीला तडा गेला तर भट्टीच बदलावी लागते.

खालच्या मजल्यावर दोन्हींना लागू असलेली एक गोष्ट जिवाची आहे. लाकूड जळताना कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला वास नसतो. बाहेरची हवा येण्यासाठी जमिनीलगत किमान १५ बाय १५ सेंटीमीटरची जाळी कायम उघडी हवी, आणि अलार्म लावावा. चिमणी १५ सेंटीमीटर व्यासाची, तोंडापासून तीन मीटर तरी उंच, कौलांच्या वर निघालेली. लाकडी वाशांपासून ४५ सेंटीमीटर दूर. जीआय पाइप नको, त्यावरचे जस्त तापून धूर सोडते. स्टेनलेस घ्यावा, आणि घर किनाऱ्याजवळ असेल तर ३१६ प्रतीचा.

दोन्ही प्रकारांत पहिला जाळ घाईने घालू नये. बांधून आठवडा झाल्यावर पहिल्या दिवशी शंभर-दीडशे अंशांपर्यंत, मग रोज चाळीस-पन्नास अंश वाढवत आठ दिवस. ओतीव भट्टी पावसानंतरही याच क्रमाने तापवावी लागते. विटांच्या भट्टीला माझ्या अनुभवात दोन-तीन छोटे जाळ पुरतात. विटांचे काम जानेवारीत सुरू केले तर गवंडी, चुना आणि हे जाळ धरून मार्चअखेर भट्टी तयार होते. मृगाच्या आधी तिच्यावर दोन महिने भाजून झालेले असले म्हणजे कुठला सांधा सुटतोय तेही कळते आणि तो भरायला कोरडे दिवसही हातात असतात.