आई-बाबांचं अमेरिकेचं तिकीट: थेट, आखातातून की युरोपातून?

आई-बाबांना पहिल्यांदा अमेरिकेला बोलवायचं ठरलं की आपण तिकिटांच्या साइटवर दोनच गोष्टी बघतो: पैसे आणि एकूण तास. माझं म्हणणं आहे, आधी तिसरी गोष्ट बघा. इकडे घराला कुलूप लावल्यापासून तिकडे पहिल्या रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंतचा तो एक दिवस त्यांना कसा जाईल? न्यूयॉर्कचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ आणि हिवाळ्यात साडेदहा तास मागे असतं. म्हणजे त्या तारखेचा दिवस चोवीस तासांत संपतच नाही, तो तेहतीस-चौतीस तास लांबतो. साठी-सत्तरीच्या माणसाचं पुढच्या आठवडाभराचं आरोग्य त्या एका दिवसावर ठरतं.

माझे आई-बाबा आणि सासू-सासरे मिळून तिन्ही वाटांनी आमच्याकडे न्यू जर्सीला येऊन गेले आहेत. इथल्या मराठी घरांतून दर उन्हाळ्यात हाच विषय निघतो, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

वाटा तीन. मुंबईहून थेट न्यूयॉर्क किंवा न्यूअर्क, सलग १५-१६ तास. दुसरी दुबई, दोहा किंवा अबू धाबीमार्गे: आधी तीन-साडेतीन तास, मग विमान बदलून साधारण १४ तास. तिसरी फ्रँकफर्ट, लंडन, पॅरिसमार्गे: आधी नऊ-दहा तास, मग आठ-नऊ तास.

गुडघे, पाय आणि पाठ

‘आईचे गुडघे दुखतात, इतका वेळ सलग बसवणार नाही, मधे थांबा घेऊ,’ असं म्हणून बहुतेक जण आखाती विमान कंपनीचं तिकीट काढतात. हिशेब मांडून बघा. पहाटे चारच्या सुमारास मुंबईहून निघालेल्या विमानात जेमतेम तीन तास मिळतात. त्यात जेवणाचा ट्रे येतो, दिवे लागतात, झोप होतच नाही. मग उतरायचं, चालायचं, पुन्हा सिक्युरिटी, पुन्हा रांग, आणि त्यानंतर सलग चौदा तास बसायचं. म्हणजे सोळाच्या जागी चौदा. गुडघ्यांचे दोन तास वाचले आणि त्यासाठी रात्रभराची झोप गेली. गुडघ्यांसाठीच थांबा घ्यायचा असेल तर तो युरोपात घ्यावा, कारण तिथे प्रवास खरोखर अर्ध्यावर तुटतो. नऊ तासांनंतर माणूस दोन-तीन तास मोकळा फिरतो, चहा घेतो, आणि पुढचे आठ तास सुसह्य होतात. माझ्या सासऱ्यांच्या मणक्याचं जुनं दुखणं आहे. त्यांच्यासाठी आम्ही युरोपचीच वाट धरली आणि ती योग्य ठरली.

विमानात शरीराला काय सोसावं लागतं ते घरच्यांना आधी समजावून सांगा. केबिनमधली हवा १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असते तितकी विरळ असते. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटर आहे, म्हणजे पूर्ण प्रवास कळसूबाईच्याही वर बसून होतो. हवेतली आर्द्रता २० टक्क्यांच्या खाली जाते, त्यामुळे घसा सुकतो आणि तहान लागलेली कळत नाही. चार तासांपेक्षा जास्त वेळ बसून प्रवास केला की पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं. मुळात तो धोका लहान आहे, घाबरायचं कारण नाही. पण ज्यांचं नुकतंच ऑपरेशन झालंय, ज्यांना आधी गुठळीचा त्रास झालाय किंवा हृदयाचा आजार आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारूनच वाट निवडावी आणि दाबाचे पायमोजे घालावेत की नाही तेही तिथेच विचारावं.

थेट विमान घेतलंत तर दोघांनाही आइलच्या सीट द्या, मधल्या वाटेच्या अलीकडे-पलीकडे. खिडकीची सीट हौसेला छान असते, पण आपली आई शेजारच्या झोपलेल्या माणसाला उठवणार नाही. ती पाणी प्यायचं टाळेल आणि बाथरूमला जायचंही टाळेल. पाय सुजतात, म्हणून सैल बूट किंवा पट्ट्याचे सँडल घालू द्या. नवे कोरे घट्ट स्पोर्ट्स शूज घालून आलेल्या एका काकूंना न्यूअर्कला उतरताना मी बघितलं आहे. डाव्या बुटात टाच जातच नव्हती, ती दुमडून त्या चालत होत्या.

भाषा आणि विमान बदलणं

इथे पारडं उलटतं. आखातातल्या विमानतळांवर हिंदीवर काम भागतं. काउंटरवर, दुकानात, व्हीलचेअर ढकलणाऱ्यांत कुणी ना कुणी भारतीय, पाकिस्तानी किंवा नेपाळी भेटतंच, आणि शाकाहारी जेवण शोधावं लागत नाही. दोहाला सगळं एकाच टर्मिनलमध्ये आहे. दुबई पसरलेलं आहे, गेट बदलायला आतल्या ट्रेनमध्ये बसावं लागू शकतं, पण विचारायची सोय आहे.

युरोपात सूचना इंग्रजीत आणि तिथल्या भाषेत. अमेरिकेच्या विमानात चढण्याआधी तिथे कागदपत्रं पुन्हा बघतात, कधी दोन प्रश्नही विचारतात. सासूबाईंनी बोर्डिंग पासच्या मागे गेटचा आकडा पेनाने मोठा लिहून घेतला होता. तो बदलला तेव्हा पडद्यावर बदललेला आकडा सासऱ्यांनी बघितला म्हणून निभावलं. दोघांपैकी एकाला पडदा वाचून गेट शोधता येत असेल, तरच युरोप. तेही पहिल्या खेपेला कनेक्शन अडीच तासांपेक्षा कमी नको. ट्रान्झिट व्हिसाची धास्ती मात्र नको. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल आणि विमानतळाबाहेर पडायचं नसेल, तर शेंगेन देशांत, म्हणजे एकच सामायिक व्हिसा चालणाऱ्या जर्मनी-फ्रान्ससारख्या देशांत, वेगळा एअरपोर्ट ट्रान्झिट व्हिसा लागत नाही.

थेट विमानात हा प्रश्नच उरत नाही. मुंबईला बसवलं की तुमच्या गावात उतरतात. म्हणून दोघंच, पहिल्यांदा, इंग्रजीची सवय नसलेले असे येणार असतील आणि तब्येत ठीक असेल, तर मी डोळे मिटून थेट म्हणते, तिकीट थोडं महाग पडलं तरी.

व्हीलचेअर कुठल्याही वाटेला निदान ४८ तास आधी सांगून ठेवा. थांब्याच्या विमानतळावर व्हीलचेअरचे प्रवासी एका जागी बसवून ठेवतात आणि वेळ झाली की नेतात. आई-बाबांना आधीच सांगा: तिथे बसण्यापूर्वी बाथरूमला जाऊन या, आणि ‘माझं विमान इतक्या वाजता’ हे दर अर्ध्या तासाने आठवण करून द्यायला लाजू नका. चालता येतं, फक्त वाट कळत नाही, अशांनी विमान कंपनीकडे व्हीलचेअरऐवजी नुसती सोबत मागावी. बऱ्याच कंपन्या ती देतात, आणि ज्याला खरंच चालता येत नाही त्याची खुर्ची अडत नाही.

मुलगा राहतो कुठे

सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. मुलगा डॅलस, ह्यूस्टन किंवा सिॲटलला राहत असेल, तर ‘थेट’ न्यूयॉर्कच्या विमानाचा मोह सोडा. अमेरिकेत पहिल्या विमानतळावर इमिग्रेशन होतं, बॅगा पट्ट्यावरून उचलाव्या लागतात, कस्टममधून नेऊन पुन्हा द्याव्या लागतात, पुन्हा सिक्युरिटी, कधी टर्मिनलही बदलावं लागतं. सोळा तासांच्या प्रवासानंतर २३ किलोच्या बॅगा ओढत हे सगळं करायचं म्हणजे आपल्याच हाताने त्यांचे हाल करणं आहे. दुबई आणि दोहाहून या शहरांना सरळ विमानं आहेत. विमान आखातात बदललं तर बॅगांना हात लावायचा नसतो. त्यामुळे न्यूयॉर्क परिसराबाहेर राहणाऱ्यांसाठी माझं उत्तर बहुतेक वेळा आखात.

भारतातली बाजूही अशीच बघा. पुणे, सातारा, कोल्हापूरकरांना मुंबई गाठावीच लागते. पण नागपूर आणि गोव्याहून दोहाची विमानं जातात. विदर्भातल्या आई-बाबांना आधी मुंबईत आणून मग थेट विमानात बसवण्यापेक्षा ते बरं. वेळापत्रकं हंगामानुसार बदलतात, तेवढं तपासून घ्या. नवी मुंबईचा विमानतळही २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झाला आहे, त्यामुळे तिकिटावर ‘मुंबई’ एवढंच न वाचता विमानतळ कुठला ते वाचा.

अबू धाबीचा वेगळा विचार

अबू धाबीला जानेवारी २०१४ पासून अमेरिकेचं इमिग्रेशन आणि कस्टम तिथल्या विमानतळावरच होतं. न्यूयॉर्कला उतरल्यावर प्रवासी देशातल्या विमानातून आल्यासारखा सरळ बाहेर येतो. थकलेल्या माणसाला तासाभराची रांग वाचते, हा मोठाच फायदा. पण अधिकाऱ्यासमोर ते अबू धाबीलाच उभे राहतात, पुढचं विमान पकडायच्या घाईत. म्हणून थांबा तीन तासांचा तरी हवा.

प्रश्न सगळीकडे तेच: कुणाकडे, किती दिवस, परतीचं तिकीट, खायचं काय आणलंय. व्हिसा दहा वर्षांचा असला तरी राहायची मुदत अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिने. ती तारीख आय-९४ या प्रवेशाच्या सरकारी नोंदीत येते, पोचल्यावर तुम्ही ऑनलाइन बघून घ्या. आईच्या पर्समध्ये एक कागद हवाच. त्यावर तुमचा पत्ता, दोन फोन नंबर, विमानांचे क्रमांक आणि औषधांची नावं; एका बाजूला इंग्रजीत अधिकाऱ्यासाठी, मागे मराठीत ठळक अक्षरात तिच्यासाठी.

खाऊचं थोडक्यात. ताजी फळं, कढीपत्ता, मिरच्या, मांस चालत नाही. हापूसही नाही, काढून टाकतात. लाडू, चकल्या, पापड, लोणचं आणता येतं. विचारलं की ‘खायचं आहे’ असं सरळ सांगायचं. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली सापडली तर दंड होतो. मेतकूट, भाजणी, गोडा मसाला चेक-इन बॅगेत टाका. अमेरिकेच्या विमानात हातातल्या बॅगेत ३५० मिलीपेक्षा, म्हणजे शीतपेयाच्या एका कॅनपेक्षा, जास्त पूड असेल तर वेगळी तपासणी होते आणि ती अडकूही शकते. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मात्र चेक-इनमध्ये चालत नाहीत, त्या घरीच ठेवा. इन्सुलिन कायम हातातल्या बॅगेत, आणि घड्याळ बदलल्यावर डोस कसा घ्यायचा ते निघण्यापूर्वी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

पैसे, उशीर, अडकणं

थांब्याचं तिकीट सहसा स्वस्त पडतं. पण दोन वेगवेगळी तिकिटं जोडून स्वस्त केलेला प्रवास आई-बाबांसाठी कधीही घेऊ नका. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्याची जबाबदारी कुणीच घेत नाही. युरोपची एक जमेची बाजू अशी की फ्रँकफर्ट किंवा पॅरिसहून निघणारं विमान कंपनीच्या चुकीने बराच उशिरा पोचलं, तर युरोपीय संघाच्या नियमानुसार लांबच्या प्रवासाला ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. आखातात तणाव असेल तर तो मार्ग टाळा. २३ जून २०२५ ला कतारने हवाई हद्द काही तास बंद ठेवली आणि हजारो प्रवाशांचा खोळंबा झाला. थेटमध्येही एक ताण आहे. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना पाकिस्तानची हद्द बंद झाली, तेव्हा दिल्लीहून निघणाऱ्या विमानांचा प्रवास लांबला, काहींना मधे इंधनासाठी उतरावं लागलं. म्हणून मुंबईहून दिल्लीला जाऊन पकडायच्या ‘थेट’ विमानाला मी थेट मानत नाही.

पोचण्याची वेळ

आखात आणि युरोपमार्गे येणारी बरीच विमानं दुपारी उतरतात. घरी यायला संध्याकाळ होते, गरम वरणभात खाऊन, अंगणात एक चक्कर मारून नऊ वाजता झोपायला काहीच अडचण नाही. पहिल्याच रात्री शरीर अर्धं रुळावर येतं. इथे थांब्याचा मार्ग जिंकतो, हे मान्य करायलाच हवं.

मुंबईहून मध्यरात्रीनंतर सुटणारं थेट विमान सकाळी पोचतं. अंघोळ, नाश्ता झाला की आई-बाबांचे डोळे मिटायला लागतात, कारण भारतात तेव्हा संध्याकाळ उलटून गेलेली असते. दुपारी बाराला झोपू दिलंत तर रात्री एकला दोघं टक्क जागे, आणि पुढचे कितीतरी दिवस तेच चक्र. त्यांना तासभर पडू द्या, मग उठवून उन्हात न्या. उजेड हेच शरीराच्या घड्याळाचं खरं औषध आहे. पण त्यासाठी घरात माणूस हवा. आठवड्याच्या मधल्या दिवशी त्यांना सोडून तुम्ही ऑफिसला गेलात तर ते झोपणारच. म्हणून थेट विमान घ्यायचं तर शनिवारी सकाळी पोचणारं घ्या.

तिकीट काढताना तारीख दोनदा वाचा. शनिवारी पहाटे दीडचं विमान म्हणजे शुक्रवारी रात्री दहापर्यंत विमानतळावर, म्हणजे साताऱ्याहून शुक्रवारी दुपारीच निघायचं. आई-बाबांना फोनवर सांगताना ‘शनिवारचं विमान’ म्हणू नका, ‘शुक्रवारी दुपारी जेवून गाडीत बसायचं’ असं सांगा.